मिस्टर इव्हान्सचं गाव

ऑकलंडच्या मराठी मंडळींनो, हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून येऊन थेट हा मेल लिहायला बसलेय.

वॉर्डातल्या ऐंशी वर्षांच्या मिस्टर इव्हान्सना सकाळी विचारलं, "तुम्ही कुठले?" म्हणाले, "लानवायर." ऑकलंड म्हणाले नाहीत, म्हणून मी फॉर्मवर लिहिलं: गोंधळलेले.

दुपारी त्यांची मुलगी रडत आली. "फॉर्मवर 'गोंधळलेले' आहे म्हणून डॅडना वृद्धाश्रमात पाठवायचं ठरतंय, सिस्टर! तीनला मीटिंग आहे." तीन वाजायला दहा मिनिटं होती.

मी त्यांच्या खाटेकडे धावले. "लानवायर म्हणजे काय?"

"वेल्समधलं माझं गाव. लान म्हणजे चर्च, वायर म्हणजे मेरी. आधी मेरीचं चर्च झालं, मग भोवती घरं. दगडाची खाण बंद पडली, आम्ही बोटीत बसून न्यूझीलंडला आलो. राहतो इथेच ऑकलंडात, माउंट वेलिंग्टन भागात. आज मंगळवार. सूप गार होतं. अजून काही?"

फॉर्मवर प्रश्न होता, "कुठे राहता?" मी आपल्या सवयीने "कुठले?" विचारलं होतं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर चूक कबूल केली. शुक्रवारी ते घरी जाताहेत.

मी पुण्यात वाढले, पण 'कुठली' विचारलं की मालवणजवळचं गाव सांगते. तिथे मी दोनदाच गेलेय. मला कुणी गोंधळलेली म्हणत नाही. इथे इतकी वर्षं काढल्यावर तुम्ही कुठलं नाव सांगता?