उशीची बाजू

आई पलंगाशेजारी घसरून पडली, उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं, आणि त्याच दिवशी मी यादी करायला घेतली. मी बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. परीक्षेची बैठकव्यवस्था असो की घरचं लग्न, माझ्याकडं आधी कागद तयार होतो. आई राहते नंदगडजवळच्या आमच्या गावी, धाकट्या भावाकडं. डॉक्टर म्हणाले होते, "हाड जुळेल. पण परत पडू देऊ नका. या वयात दुसऱ्यांदा पडलेलं माणूस अंथरूण सोडत नाही." ते वाक्य मी कागदावर सगळ्यात वर लिहिलं. त्याखाली एकोणीस कलमं.

दोन रविवारांत खोली तयार झाली. घसरणारं पायपुसणं काढलं, ट्रंक माळ्यावर गेली. सुताराला बोलावून पलंगाचे पाय चार बोटं कापून घेतले, म्हणजे आई काठावर बसली की तिची पावलं जमिनीला पुरी टेकतील. बाथरूमचं दार उत्तरेच्या भिंतीत आहे, म्हणून पलंगाचं उसं त्या भिंतीला लावलं. उठलं की दार दोन पावलांवर. उशाजवळच पलंगाच्या काठाला धरून उठायला स्टीलचा दांडा बसवला आणि वर, हाताच्या अंतरावर, दिव्याचं बटण. भावजय दारात उभी राहून बघत होती. मी विचारलं, "कसं झालंय?"

"लई भारी, आक्का," ती म्हणाली आणि तिनं आईकडं बघितलं. आईनं तिच्याकडं बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

खरं सांगायचं तर बरंच काही आवडत नव्हतं. मी गेले की आई म्हणायची, "बस गं, दमून आलीस. च्या घे." आणि भावजयीला आतून हाक, "कुठं उलथलीस? किती वेळ बोंबलतीय मी!" भावजय हसत यायची, "आले की, जरा दम धरा." लग्नाआधी ते उलथणं माझं होतं. आता मला च्या मिळत होता, बशीत बिस्किटं मिळत होती आणि त्या शिव्या तिला. एक्कावन्नाव्या वर्षी बाईनं कशाचा हेवा करावा! पण मी करत होते. आईची वेणी तिनं घातलेली दिसली, तरी वाटायचं, भांग जरा वाकडाच काढलाय.

त्यात ती खुर्ची. जुनी, जड, हाताची लाकडी खुर्ची. दर रविवारी मी गेले की पलंगाच्या पायथ्याशी, अगदी काठाला चिकटून उभी. कलम सात: उठायच्या जायच्या वाटेत काहीही नको. मी ती उचलून बाहेरच्या सोप्यात ठेवायचे. पुढच्या रविवारी परत तिथंच.

तिसऱ्यांदा मी बोललेच. "ही खुर्ची इथं कोण आणतंय?"

"मीच," भावजय म्हणाली.

"आईला अडखळून पाडायचंय का?"

तिचा चेहरा उतरला. ती आत गेली. आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तिला कशाला बोलतीस?" परतीच्या बसमध्ये मी यादी काढून कलम सातखाली दोनदा रेघ मारली. माझी पक्की खात्री होती की ही बाई मुद्दाम करते. माझ्या आईच्या खोलीत माझं काही चालू द्यायचं नाही, एवढंच.

मग एका बुधवारी कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली. मी न कळवता गेले. दुपारचे दोन वाजले होते, भावजय परसात भांडी घासत होती. मी सरळ आतल्या खोलीत गेले.

आई झोपली होती, उलटी. पाय उत्तरेला, माझ्या दांड्यापाशी, माझ्या बटणाखाली. डोकं आणि उशी दक्षिणेला. डावा हात खुर्चीच्या हातावर.

तिला जाग आली. मला बघून ती दचकलीच. मग माझ्यादेखत तिनं खुर्चीला धरलं, रेटा दिला आणि उठून बसली. सोपं, एका दमात.

"उत्तरंला डोस्कं करून कोण झोपतंय?" आई म्हणाली. "मेलेल्या माणसाला ठेवतात तसं. अजून जित्ती हाय मी."

हे मला माहीत नव्हतं? याच घरात वाढले मी. मामाकडं उत्तरेला डोकं करून पडले, म्हणून आईनं मला लहानपणी पायाला धरून फिरवलं होतं. पण पलंग फिरवताना मी फक्त दाराचं अंतर मोजलं.

"मला सांगायचं न्हाई का?"

"तू एवढं कागूद करून आलतीस. खोडायला लावायचं व्हय?"

"आणि तिला बरं सांगितलंस!"

"तिला कोण सांगतंय? रोज उशी उचलतीया ती. तिला दिसलं."

भावजय ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती. तिनं खाली बघत सांगितलं, "तुम्ही येणार म्हटलं की सकाळी उशी इकडं करून ठेवत होते, आक्का. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून." माझ्यासाठी उशी फिरवायची, माझ्यापासून लपवायचं, आणि खुर्चीबद्दल माझं बोलणं ऐकून घ्यायचं. दोघींचं ठरलेलं होतं. मला आईच्या पडण्याची भीती वाटायला हवी होती, कारण तीन रविवार मी तिचा आधार सोप्यात नेऊन ठेवला होता. ती वाटलीच. पण आधी जळफळाट झाला.

शनिवारी सुताराला परत बोलावलं. पलंग सरकवायची गरज नव्हती. दांडा काढून दक्षिणेकडं न्यायचा, बटणाची वायरही तिकडं. त्यानं मला विचारलं, "आक्का, नेमका कुठं?"

मी टेप काढला होता. तो तसाच हातात धरून म्हटलं, "हिला विचार."

भावजय म्हणाली, "हात मोडलाय उजवा. तसं, उत्तरंला डोस्कं करून झोपलं की उजवा काठाकडं यायचा, डावा भिंतीकडं. असं झोपलं की डावा येतोय. डावा जिथं पडतोय तिथं." प्लास्टर कधी घातलं, कधी काढायचं, सगळं माझ्या कागदावर होतं. उठताना कुठला हात लागतो, ते नव्हतं.

आई दाखवायला आडवी झाली. मी टेपचं एक टोक धरलं, भावजयीनं दुसरं. माझं टोक सुटलं, टेप सर्रकन आईच्या अंगावर आला.

"नीट धर की गं! हात हायत का लाकडं?"

"व्हय, व्हय," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

आई डोळे मिटून पडली होती. ती कोणाला म्हणाली ते मी विचारलं नाही. टोक माझंच सुटलं होतं.