संबंध असू शकतो

मंगळवारी भाऊ वारला. धुळ्याच्या घरी तो जेवला, हात धुऊन दारापुढच्या ओट्यावर बसला आणि पडला. मी जळगावहून पोहोचलो तोवर त्याला दवाखान्यातून परत आणलं होतं.

आमच्याकडे माणूस गेला की द्वारदर्शनाला लोक येतात. दारात सतरंजी टाकलेली असते. येणारा बसतो आणि विचारतो, "काय व्हयनं?" मी सांगायचो, हार्ट अटॅक. लगेच दुसरा प्रश्न यायचा, "तमाकू खाये का? पिये का?" भाऊ माळकरी होता. सुपारीसुद्धा खात नसे. तरी दर वेळी तेच.

तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हणालो, "व्यसन काही नव्हतं. त्याच्या रक्तात होमोसिस्टीन वाढलं होतं. त्यानं धमन्या खराब झाल्या."

सतरंजीवरचे सगळे गप्प झाले. त्या गप्प होण्याचं मला बरं वाटलं. भाऊ गेलेला, आणि मला आपल्या शब्दाचं बरं वाटलं.

तो शब्द मला महिन्याभरापूर्वी कळला होता. भाऊच्या तपासणीला मीच बरोबर गेलो होतो. डॉक्टर जपून बोलले होते, "वाढलेलं आहे. धमन्यांच्या आजाराशी संबंध असू शकतो. पण ते कारण आहे की नुसती खूण, हे अजून नक्की नाही. गोळ्यांनी ते खाली येईल. झटका टळेलच असं नाही." भाऊ गोळ्या घेत होता. वहिनी आठवणीनं देत होती.

भडगावची अक्का, आमची आत्या, भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "ते कशानं वाढस रे?"

"बी-बारा कमी पडलं की वाढतं. ते दुधात, दह्यात, अंड्यात असतं."

"अंडं तं तो खाये नही. म्हंजे दूध-दही कमी पडनं." तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथं वहिनी बसली होती. "घरमा बाई व्हती ना?"

भाऊला दुधाचा वास लहानपणापासून सहन होत नसे. आई पेला घेऊन मागे लागायची आणि तो अंगणभर पळायचा. हे अक्कानं स्वतः पाहिलेलं. मी आठवण करून द्यायला हवी होती. तेवढ्यात नवे लोक आले आणि मी त्यांना बसायला जागा करून दिली.

सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी वहिनी भाऊच्या नावाच्या पानावर खीर वाढत होती. अक्का म्हणाली, "टाक आखो. जित्ता व्हता तवय भेटनं नही." वहिनीनं आणखी वाढली. खीर पानाबाहेर आली.

मी पुढे झालो. "अक्का, तसं नाही. डॉक्टर म्हणाले होते, संबंध असू शकतो. एवढंच."

"तुनंच म्हननं शे ना ते?"

"मास्तर आते बोलनं फिरावस," मागून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. मी मागे सरलो.

जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी परत आल्यावर मी होमोसिस्टीनवर बरंच वाचलं. सगळीकडे डॉक्टरांचंच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होतं. ते अहिराणीत सांगायला फार शिकावं लागत नाही. "व्हई, नही बी व्हई." अक्काला हे पटकन समजलं असतं. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवली, पण त्या सतरंजीवर मला 'असू शकतो' हे दोन शब्द जड झाले.

पुढच्या खेपेला मी वहिनीला म्हणालो, "माझं चुकलं."

ती म्हणाली, "चहा घ्या, भाऊजी."

अक्काला मी दोनदा समजावलं. ती ऐकते, मान डोलावते, आणि दुसऱ्या कोणाला सांगताना दुधाचंच सांगते.

भडगावला कार्य असलं की आता मी एकटा जातो. वहिनी येत नाही.