दगड हलत न्हाय

कुणाचीही सायकल दिसली की मामा ती आधी उचलायचे. मालक शेजारी उभा असला तरी. दांडीखाली हात घालून गुडघ्याइतकी वर धरायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "जड हाय." तुमची नवीकोरी असली तरी हेच. मला तर रागच यायचा.

सगळेच त्यांना मामा म्हणायचे. वाशीकडच्या एका वस्तीचं दूध ते आमच्या सहकारी केंद्रावर आणायचे. मी तिथं दूध तपासायला होतो. मधे डोंगर आडवा. जुनी अवजड सायकल, तिला दोन्हीकडं कॅन लटकवलेले. चढाला ती ढकलावी लागायची, तोवर दुधाचा ट्रक निघून जायचा आणि वस्तीचं दूध नासायचं. त्या दुष्काळात दुसरं होतं काय हो त्या लोकांकडं? म्हणून मामांनी आपल्या शेळ्या विकल्या आणि नवी सायकल घ्यायला मला बरोबर घेऊन कळंब गाठलं.

दुकानात त्यांनी जो छळ मांडला, काय सांगू तुम्हाला! एकेक सायकल उचलून झाली. मग मागच्या चाकाचा आस सीटच्या किती मागं आहे, ते वितीनं मोजलं. ओझं आसाच्या मागं गेलं की चढाला पुढचं चाक उठतं म्हणे. हँडल रुंद हवं, पण वळताना गुडघ्याला लागता कामा नये. अखेर आखूड बांध्याची एक हलकी सायकल मनात भरली. कॅन लटकवून त्यांनी भरायला पाणी मागितलं. दुकानदार म्हणाला, इथं प्यायला पाणी नाही. मग मामांनी कॅनमध्ये दगड भरले आणि गावाबाहेरचा चढ चढून-उतरून आले. स्वारी खूश.

"इशाऱ्यावर वळती, साहेब."

सुरुवातीला ट्रक एकदाही चुकला नाही. पुढं जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, कॅन अर्धे येऊ लागले. अर्ध्या कॅनमधलं दूध हिंदकळतं. जुन्या सायकलच्या धुडानं ते सोसलं असतं. ही हलकी सायकल उताराला झोकांड्या खायला लागली. मामा पडले, गुडघे फुटले, दूध सांडलं.

"दगड हलत न्हाय, साहेब. दूध हलतंय. म्हाज्या ध्यानातच आलं न्हाय."

पाण्याला जाणाऱ्या बायका घागरीत हिरवी डहाळी टाकतात, म्हणजे पाणी उसळत नाही. मामांनी तेच केलं. एरवी पळसाचा पाला घातला असता, पण त्या साली वाटेवर हिरवं म्हणायला फक्त कडुनिंब उरला होता. त्या दिवशी सायकल सरळ आली. ट्रक उभा होता. मामा हसत होते. मी दूध चाखलं. कडूजहर.

अख्ख्या वस्तीचं दूध केंद्रामागं ओतावं लागलं. मामा बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून वस्तीनं त्यांच्या हाती दूध दिलं नाही, आणि वस्तीकडून दुसरं कुणी आलंही नाही.

पुढं ते मला दुष्काळी कामावर दिसले. कॅनमध्ये खडी भरून सायकल रस्त्याच्या ढिगाकडं नेत होते. मी उतरलो, माझी सायकल त्यांच्यापुढं उभी केली. त्यांनी ती उचलली नाही. तिच्याकडं पाहिलंही नाही.

"आता बगा, साहेब," म्हणाले, "जरा बी डोलत न्हाय."