शाफ्ट बसला नव्हता

रस्त्याकडेचं गवत कापणाऱ्या टोळीत वंगणदादाचं नाव काढलं की निम्मे लोक हसतात आणि निम्मे तोंड वाकडं करतात. माणूस गोड नव्हताच. यंत्रशाळेच्या दारात कुणी मशीन आपटून ठेवलं की तो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आपला मोठेपणाही स्वतःच सांगायचा, दुसऱ्याने सांगायची वाट बघायचा नाही. माझ्या हातून गेलेला शाफ्ट तुटलेला दाखवा, मिशी उतरवतो, म्हणायचा. मिशी शाबूत होती. मी कामगारांची भांडणं लढतो, आणि त्याच्या मते आमची संघटना म्हणजे कामचुकारांचा अड्डा. त्यामुळे आमचं कधी पटलं नाही. तरी त्याची गोष्ट मी लिहितोय, कारण ऑफिसने ती आपल्या सोयीने सांगून मोकळं केलंय आणि ते मला पचत नाही.

गवत कापायचं मशीन ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागे इंजिन, पुढे गोल पातं, मधे माणसाच्या उंचीची नळी, आणि सगळं लोढणं खांद्याच्या पट्ट्याला लटकवलेलं. नळीच्या पोटात एक पोलादी सळई गरगर फिरत असते, तोच शाफ्ट. इंजिनाचा जोर पात्यापर्यंत नेतो तो. पातं डोळ्यांना दिसतं म्हणून त्याला धार लावायची आठवण सगळ्यांना होते. शाफ्ट दिसत नाही. तो कोरडा पडून किंचाळायला लागेपर्यंत त्याची चौकशी करणारा एकटा वंगणदादा.

बोल्ट सैल करून तो इंजिन बाजूला काढायचा, शाफ्ट ओढून बाहेर घ्यायचा, रॉकेलच्या फडक्याने जुनं काळं ग्रीस पुसायचा. मग डोळे मिटून सळई चिमटीतून सरकवायचा. कुठे गंज धरलाय, कुठे झिजलंय, हे बोटं सांगायची. ग्रीस लावायचं तेही हात फिरवल्यासारखं, पातळ. जास्त थापलं की ते तापून खाली ओघळतं, हे तो नवख्यांना शिव्यांसकट शिकवायचा. शेवटचं काम सगळ्यात नाजूक. शाफ्ट परत आत घालताना दुसऱ्या हाताने पातं हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे सळईच्या टोकाचे दाते खालच्या गिअरच्या खाचांत उतरतात. पूर्ण उतरले की हाताला बारीकशी टिचकी लागते. कानाला नाही. त्या गोंगाटात कानाला काय कळणार.

ती टिचकी त्याला लागेनाशी झाली होती.

दुरुस्त केलेलं प्रत्येक मशीन तो स्वतः चालवून बघायचा, दुसऱ्यावर भरवसा नव्हता. इतक्या वर्षांची मशीनची थरथर बोटांत जाऊन बसली. आधी थंडीत बोटं पांढरी पडायची, मग मुंग्या, मग काहीच नाही. घरात वहिनीला ठाऊक होतं, कारण सकाळी त्याच्या शर्टाची बटणं तीच लावायची. एकदा त्याने तापलेली किटली कडेला धरून उचलली आणि निवांत बोलत उभा राहिला, वास आला तेव्हा वहिनी धावली. डॉक्टरकडे चला म्हणून ती मागे लागली होती. त्याचं उत्तर ठरलेलं. डॉक्टर लिहून देणार, ते ऑफिस वाचणार आणि मला बाकावरून उठवणार. तो लाकडी बाक, त्यावरचा शिकंजा आणि ग्रीसचा डबा एवढंच त्याचं राज्य. म्हणून तो गप्प राहिला आणि हाताचं काम अंदाजावर ढकललं.

टोळीत एक बाई आहे, तिला सगळे तोफ म्हणतात. आवाजच तसा. मशीन चालू असताना पलीकडच्या कडेच्या माणसाला ती शिवी पोचवू शकते. मशीनवर तिचा हात असा बसलेला की कुंपणाच्या तारेला पातं न लावता तारेखालचं गवत काढावं. वंगणदादा ज्या एका माणसाला नावं ठेवत नसे ती हीच. तीही त्याला सख्ख्या दादासारखं मानायची, म्हणजे रोज भांडायची.

पुलाच्या उतारावर ती काम करत होती. दादाने आदल्या दिवशीच ग्रीस करून दिलेलं मशीन. मधेच इंजिन रिकामं भणभणलं, नळीला जोराचा झटका बसला, तोल गेला आणि तोफ मशीनसकट घसरत खाली. गुडघा फुटला, नळी वाकली. देखरेखीचे साहेब आले, गुडघ्याकडे न बघता नळीकडे बघितलं आणि म्हणाले, पातं दगडावर घातलंस. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं. घरात कमावती तीच. आजारी सासू आणि दोन पोरी तिच्या हाताकडे बघणाऱ्या.

मशीन उघडायला आलं वंगणदादाकडे. शाफ्टचं टोक बाहेर आलं आणि त्याला सगळं दिसलं. दाते फक्त अगदी टोकाला कातरले गेले होते, वरचा भाग नव्यासारखा चकचकीत. म्हणजे शाफ्ट खाचांत पुरता उतरलाच नव्हता, नखभर धरून फिरत होता. दगडाचा धक्का दाते असे खात नाही. साहेबांनी विचारलं, काय रे, काय झालंय. तो म्हणाला, दगडाला लागलं असेल.

त्या ‘असेल’वर साहेबांनी शिक्कामोर्तब केलं.

मी इकडे मशीन जुनं, सुटे भाग मिळत नाहीत, असं ओरडत ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होतो. दादाच्या तोंडून तेवढं वदवून घ्यावं म्हणून यंत्रशाळेत गेलो, तर तोफ तिथे आधीच उभी. लंगडत आली होती. मला वाटलं आता धडाडणार. पण तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान ऐकला.

"दादा, मला दगड दिसला नव्हता. खरंच नव्हता दिसला. पण तुम्ही म्हणताय म्हणजे लागलाच असेल. माझं कुठे चुकलं तेवढं सांगा, पुन्हा करणार नाही."

तो शिकंज्याचा दांडा पिळत राहिला. शिकंज्यात काहीही धरलेलं नव्हतं. ती लंगडत निघून गेली. मी त्याला म्हणालो, दादा, तुमच्या तोंडात मूग का हो? त्याने मला चालता हो म्हटलं. मीही दोन शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

चौकशीच्या दिवशी त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तोफ खुर्चीच्या टोकावर, मी कागद चाळत, साहेब घाईत. दादा दार ढकलून आत आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, म्हणजे वहिनीला न सांगता निघाला असणार. शाफ्टचं कापून आणलेलं टोक खिशातून काढून त्याने टेबलावर ठेवलं.

"दगड नाही. मी बसवला नाही नीट. माझ्या बोटांना कळत नाही आता."

साहेब म्हणाले, कधीपासून. तो म्हणाला, बरेच दिवस. साहेबांनी विचारलं, मग सांगितलं का नाहीस. दादा शर्टाची बटणं चाचपत राहिला. तोफ त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात उपकार मानल्याची खूण औषधालाही नव्हती.

तिला कामावर घेतलं. दादाला बाकावरून उठवून फाटकावर बसवलं. ऑफिस आता सांगत फिरतं की एका म्हाताऱ्याच्या बेफिकिरीमुळे अपघात झाला, जणू त्याची बोटं घरी बसून मेली. हात गेले ते कामात गेले, याची भरपाई द्या, म्हणून मी अर्ज केला. त्यांच्या डॉक्टरने लिहिलं, वय आणि रक्तातली साखर. बरं, साखर. मग टोळीतल्या तरण्या मुलींची बोटं सकाळी पांढरी पडतात ती कसल्या साखरेने? हा प्रश्न मी लेखी विचारलाय आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार आहे. बाकावर आता ठेकेदाराचा माणूस आहे. तो शाफ्ट बाहेर काढतच नाही, खालच्या गिअरचा बोल्ट उघडतो, ग्रीस पिचकारतो, पुढचं मशीन. फाटकावरून मशीन गेलं की दादा मान वळवतो, पण त्याला विचारतंय कोण.

तोफ फाटकातून रोज जाते, त्याच्याकडे बघत नाही. एकदा मी तिला झापलं. म्हटलं, अगं, त्या माणसाने स्वतःच्या पोटावर पाय आणून तुला सोडवलं.

ती म्हणाली, "सोडवलं, मान्य. पण मधल्या दिवसांत मला माझाच भरवसा राहिला नाही, त्याचं काय? अजून उतारावर पाय टाकला की वाटतं, गवतात दगड असेल आणि मला दिसत नसेल."

आणि खरोखरच ती हळू कापते आता. पातं उचलून धरते, थांबते, पायाने चाचपून बघते. साहेबांनी परवा तिला काम संथ म्हणून लेखी समज दिली. आता ते भांडण माझ्याकडे आहे. दादाला फाटकावर कळलं तेव्हा त्याने मला थांबवून विचारलं, सुनावणी कधी आहे. म्हटलं, तुमचं काय काम तिथे? म्हणाला, ती संथ का झाली ते मला माहितीय, मी सांगतो.

हे मी तोफेला जाऊन सांगितलं. ती पात्यावर चिकटलेलं गवत खरवडत होती, खरवडत राहिली. येऊ दे म्हणाली नाही. नको असंही म्हणाली नाही.