न लागणारा ठसका

मिरची कांडताना आमच्या नागावच्या मनुबाईला कधी ठसका लागला नाही, याचं साऱ्या आळीला कौतुक होतं. चैत्र लागला की ती घरोघर वर्षाचा मसाला कांडायला जायची. बेडगी रंगाला, गावठी तिखटाला; मग धणे, हळकुंडं, दगडफूल, नागकेशर, एकेक जिन्नस वेगळा भाजून उखळात. वाऱ्याने मसाला उडू नये म्हणून पडवीची दारं-खिडक्या लावून घेत. आम्ही अंगणात शिंकून बेजार आणि आत मनुबाईचं मुसळ एका लयीत चालू.

"मनुबाई, नाक घरी ठेवून आलीस का गं?" सासूबाई विचारत.

"मिरचीची नि माझी सोयरीक हाय, आई. सोयऱ्याला कोन तरास देतं?"

तिचा नवरा हरेश्वर बावन्न साली होडीसकट समुद्रात गेला. मागे एकुलती तान्ही लेक, केसर. तिची झोळी त्याच बंद पडवीत टांगलेली असे.

"पोरीला माझ्याकडे दे गं," मी एकदा म्हटलं.

"तिलाबी सवय व्हया नको का, वैनी?"

एके वर्षी आमच्याकडे धणे करपले. वास अंगणापर्यंत आला, पण मनुबाई निवांत परतत बसलेली. मी धावत जाऊन कढई उतरवली. "ध्यान नव्हतं," ती ओशाळून हसली. कॉलेजात शिकलेली मी, पण मीही ते हसण्यावारी नेलं.

सत्तावन्न साली चैत्र संपता संपता केसरला खोकला झाला. पाच वर्षांची पोर, दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. मनुबाईने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दृष्ट काढली. मीठ-मिरच्या लेकरावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. जळक्या मिरचीचा ठसका लागला तर काळजी नाही. वास आलाच नाही तर दृष्ट जबर, पुन्हा काढायची.

मनुबाईला वास आला नाही.

तिसऱ्या दिवशी ती कांडायला आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. अंगणातच ठसक्याने माझा जीव घाबरा झाला. पदर नाकाला लावून लोटलेलं दार ढकललं. आत धूर कोंडला होता, शेगडीत मूठभर मिरच्या जळत होत्या आणि मनुबाईच्या मांडीवर केसर. पोरीच्या बरगड्या वरखाली होत होत्या.

"मनुबाई, पोर गुदमरतेय! दार उघडं ठेव!"

"लय जबर दिष्ट हाय, वैनी. कालधरनं सात येळा काढली. येकदाबी वास न्हाय आला."

"अगं, मला अंगणात उभं राहवेना!"

ती माझ्या वाहणाऱ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग शेगडीवर वाकली. तोंड निखाऱ्यांच्या अगदी जवळ नेऊन तिने श्वास ओढला. पुन्हा ओढला.

"मलाच येत न्हाय," ती म्हणाली. पोरीला उचलून ती बाहेर पळाली.

शेजारच्या भिकूच्या बैलगाडीतून आम्ही अलिबाग गाठलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि आधी का आणली नाही, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी केसर गेली.

माझी मुलं जरा खोकली तरी आजही मी आधी खिडक्या उघडते, औषध मागून शोधते. धण्यांची ती कढई आठवते. तेव्हाच तिला विचारलं असतं तर?

पुढच्या चैत्रात मनुबाई येणार नाही असं वाटलं होतं. ती आली. पडवीचं दार तिने सताड उघडं ठेवलं.

"अगं, मसाला उडेल," सासूबाई म्हणाल्या.

"उडू दे, आई."

चूल पेटवून तिने कढईत धणे टाकले आणि मला समोर बसवलं. चार वेळा परतायची, हात थांबवायची.

"वैनी, वास आला?"

"नाही अजून."

पुन्हा परतायची. मी "आला" म्हटलं की मुकाट्याने कढई उतरवायची.