एका कान्यावरून उतरलेलं इंजिन

काशीच्या गल्ल्यांत नियमाने चालणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण माणूस मला पुस्तकावाचून कळतो, आणि हा माणूस वाचायला तर चष्माही लागत नाही. रेल्वेत इंजिन चालवायचे. नोकरी सुटली, इंजिन सुटलं नाही. दूधविनायकाच्या गल्लीत वळण आलं की तोंडाने शिट्टी घालतात. वाटेत सांड बसलेला असला की सगळी काशी त्याच्या शेपटीकडून निघून जाते. हे तो उठेपर्यंत उभे. एकदा आमच्याकडे सत्यनारायणाला निघाले ते आरती आटोपल्यावर पोचले. मेहुणी चिडली, तर म्हणाले, "सिग्नल लाल होता." सांड पांढरा होता, मी पाहिला होता.

लायसनचं तर वेडच. ई-रिक्शात बसण्याआधी चालवणाऱ्याला लायसन विचारतात, म्हणून बहुतेक पायीच जातात. अमृतराव घाटावर नावाड्यालाही विचारलं. तो म्हणाला, "नाव बाप की, गंगा माई की, लाइसन किससे लें, गुरू?" साडू नावेतून उतरले. मी बसून राहिलो, मला पलीकडे जायचं होतं.

हे वेड लागलं ते स्वतःचं लायसन गेल्यापासून. रेल्वेत त्याला दुसरं लांबलचक नाव आहे, मी लायसनच म्हणतो. झालं असं की एका यार्डात ते नुसतं इंजिन घेऊन येत होते आणि उतारावर ब्रेक लागेना. पुढे फाटकात माणसं, म्हशी, शाळेची रिक्शा. अशा वेळेसाठी बाजूला एक रूळ ठेवलेला असतो, त्याच्या शेवटी वाळूचा ढीग. यांनी वॉकीटॉकीवरून सांधेवाल्याला सांगितलं, सांधा फिरव, मला वाळूत घाल. इंजिन रूळ सोडून वाळूत गुडघे टेकून बसलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मग चौकशी बसली. साहेब भला होता. म्हणाला, "इंजन उतरा" एवढं बोला, ब्रेकवर ढकलू, लायसन परत घ्या. साडू म्हणाले, "उतरा नहीं साहब, उतारा." साहेबाने समजावलं की इंजिन आपोआप उतरलं तर दैव, मुद्दाम उतरवलं तर गुन्हा. म्हणजे माणसं चिरडता चिरडता योगायोगाने वाचली तर ड्रायव्हर चांगला, आणि ठरवून वाचवली तर गुन्हेगार. कायदा लिहिणारे माझ्यापेक्षा जास्त शिकलेले असतात, हे तेव्हा मला पटलं. तरी मेहुणीच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी समजवायला गेलो. म्हटलं, एक काना गिळा, माझी अख्खी बाराखडी गळाली, माझं काय अडलं? तर म्हणाले, "साडूभाऊ, माझ्या हातून इंजिन कधी घसरलं नाही. एकदा उतरवलं, सांगून उतरवलं. आपोआप उतरलं म्हणू, तर मी तिथे काय करत होतो?"

लायसन गेलं ते गेलंच. उरलेली नोकरी शेडमध्ये टेबलामागे बसून काढली, बाहेर दुसऱ्यांच्या इंजिनांच्या शिट्ट्या ऐकत.

गेल्या कार्तिकात आम्ही दोघे मुन्शी घाटावर गेलो होतो. पुराचा गाळ अजून पायऱ्यांवर होता. साडूंचा पाय सटकला आणि ते बसल्या बसल्या पार पाण्यापर्यंत गेले. लागलं फारसं नाही. मी खाली पोचलो आणि वाट पाहू लागलो की आता म्हणतील, मुद्दाम बसलो. पण ते गाळाने भरलेल्या हातांकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "साडूभाऊ, घसरलो हो."

हा शब्द त्यांच्या तोंडी मला मुळीच आवडला नाही. तेवढ्यात वरून एका पंड्याने विचारलं, बाबा इतना नीचे कैसे उतर गए?

मी म्हणालो, "उतरे नहीं. हमने उतारा है."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. आम्ही सावकाश वर आलो. गल्लीत पहिलं वळण आलं, पण शिट्टी आली नाही. मग मीच घातली, बिनलायसनची.