सुट्टीवरचा वॉचमन

माझा मामा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात वॉचमन आहे. माणूस इतका कडक, की घरची बेल वाजली तरी आधी "कोण, कुणाकडे, काय काम" विचारतो आणि मगच कडी काढतो. मामी भाजी घेऊन आली तरी पिशवीत डोकावल्याशिवाय तिला आत घेत नाही. मामीने याच्याशी संसार कसा केला, हे मला अजून कळलेलं नाही.

कामगार दिनाला अख्ख्या कारखान्याला सुट्टी असते, एकट्या मामाला नसते. कामगार वाजतगाजत मिरवणूक काढतात, कारखान्याच्या आवारात येतात आणि त्यांच्यातला सगळ्यात जुना माणूस झेंडा चढवतो. टाळ्या पडतात तेव्हा मामा तिकडे पाठ करून रस्त्यावर नजर ठेवून उभा. आता सगळ्यात जुना तोच होता, पण गेट सोडून जाणार कसा? दरवर्षी पाळी हुकायची. त्या दिवशी जेवताना मान वर करायचा नाही. मला फार वाईट वाटायचं.

यंदा मात्र त्याने हट्टच धरला. बदली म्हणून मामीचा धाकटा भाऊ मिळाला. त्याला सगळे सोन्या म्हणतात, आणि सोन्या आजवर कुठल्याच नोकरीत टिकलेला नाही. "नीट केलंस तर साहेब कायम करतील," असं सांगून मामाने त्याला घरच्या दारात उभं करून शिकवणी घेतली. "पास नाही तर प्रवेश नाही. साहेब येऊ देत, मी स्वतः येऊ दे, उघडायचं नाही. लोक मुद्दाम परीक्षा बघतात." मिरवणूक आली की गेट सताड उघडायचं, एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं. मामा ते दरवर्षी इतक्या सवयीने करायचा, की आपण नियम मोडतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्या सकाळी मामा कडक इस्त्रीच्या शर्टात मिरवणुकीच्या पुढे, शेजारी पायी चालणारे कारखान्याचे साहेब, मी आणि मामी मागे. कारखान्याशी पोचलो तर गेट बंद. आत सोन्या, छाती पुढे काढून.

"पास दाखवा."

पास कुणाकडे असणार? सगळ्यांचे रोजच्या कामाच्या कपड्यांत राहिले होते. साहेबांचा त्यांच्या गाडीत होता आणि गाडी घरी होती.

"अरे सोन्या, मी आहे," मामा म्हणाला.

"दिसतंय की, भाऊजी. परीक्षा घेताय तेही कळतंय."

"परीक्षा नाही रे बाबा. उघड."

"तुम्ही असंच म्हणणार, हे तुम्हीच सांगून ठेवलंय."

मामी तरातरा पुढे झाली. "सोन्या, मी सख्खी बहीण आहे तुझी."

"ताई, पास आणलायस का?"

साहेबांनी आवाज चढवला. सोन्याने त्यांना नम्रपणे बाजूला उभं राहायला सांगितलं. बँडवाले वाजवायचे थांबले आणि सगळे मामाकडे बघायला लागले. सोन्याला झापावं की शाबासकी द्यावी, हे मामाला ठरवता येईना.

"पोरगं करतंय ते बरोबर आहे हो," तो साहेबांना हळूच म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. झेंड्याचा खांब गेटला लागूनच, पण आतल्या बाजूला होता.

मामाने गजांना तोंड लावलं. "सोन्या, ती झेंड्याची दोरी जरा बाहेर दे."

"माल बाहेर काढायला गेटपास लागतो, भाऊजी."

मामा विचारात पडला. हाही नियम त्यानेच शिकवला होता. शेवटी म्हणाला, "एक टोक आत बांधलेलंच राहणार ना? मग माल बाहेर गेला असं होत नाही."

सोन्याला हे पटायला बराच वेळ लागला. पटलं तेव्हा त्याने गजांमधून दोरी सरकवली, पण तिचं आतलं टोक दुसऱ्या हातात धरूनच ठेवलं. मामा रस्त्यावरून ओढायला लागला आणि आत, रिकाम्या आवारात, झेंडा गचके खात वर गेला. टाळ्या या वेळी मामाच्या कानाशी वाजल्या. तो दोरी हातात धरून ढसाढसा रडला, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

साहेब उन्हात घाम पुसत होते. "झालं ना तुमचं? आता तरी याला उघडायला सांगा."

"नको साहेब," मामा म्हणाला. "आज पहिल्यांदा सगळ्यांच्यात उभा आहे. राहू द्या जरा बंद."